मधलेच आकडे का निसटतात?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय ४३, औषधांच्या होलसेल दुकानात फोनवर ऑर्डरी घ्यायचं काम. समोरचा माणूस मोबाइल नंबर किंवा बॅच नंबर सांगतो. सुरुवातीचे तीन-चार आकडे आणि अगदी शेवटचा आकडा पक्का राहतो, मधले उलटसुलट होतात. कुणी "पाचवा आकडा कोणता हो?" विचारलं तर थेट सांगता येत नाही, पहिल्यापासून म्हणत पाचव्यापर्यंत यावं लागतं. तर मेंदू हे आकडे शोधतो तरी कसे? टेपसारखी फीत मागे फिरवतो का? हे मेंदूत चालतं कुठे? आणि वडिलांना डिमेन्शिया होता, ही त्याचीच सुरुवात तर नाही ना?

शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण बाकीचे प्रश्न त्याच काळजीपोटी आलेले दिसतात. तुम्ही लिहिलंय ते धडधाकट मेंदूचं वर्णन आहे. पुढचे पक्के, शेवटचा पक्का आणि मधे घोळ, हा प्रकार मी विशीतल्या पोरांकडूनही करवून दाखवेन, फक्त नंबर दोन आकड्यांनी लांबवायचा अवकाश. अल्झायमर हा डिमेन्शियाचा नेहमी दिसणारा प्रकार, त्याच्या सुरुवातीला कोलमडते ती दुसरीच स्मृती. सकाळी घरी कोण येऊन गेलं, हाच प्रश्न आपण दहा मिनिटांपूर्वी विचारला होता, हे पुसलं जातं. ऐकलेले पाच-सहा आकडे लगेच परत म्हणणं बऱ्याचदा शाबूत असतं. या दोन स्मृती वेगवेगळ्या आहेत याचा सगळ्यात गाजलेला दाखला हेन्री मोलेसन या अमेरिकन रुग्णाचा. फिट्स थांबाव्यात म्हणून १९५३ साली त्याच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंच्या हिप्पोकॅम्पसचा, म्हणजे नव्या आठवणी पक्क्या करणाऱ्या भागाचा, मोठा तुकडा काढला. तेव्हापासून २००८ साली वारेपर्यंत त्याच्या डोक्यात नवी आठवण जवळजवळ टिकलीच नाही. पण आकडे ऐकवले की तो चारचौघांइतके बिनचूक म्हणून दाखवायचा.

अर्थात मी तुम्हाला तपासलेलं नाही. घरचे म्हणत असतील की तुम्ही तेच तेच विचारता, ओळखीचा रस्ता चुकता, हिशेबात पूर्वी न होणारे गोंधळ होतात, तर न्यूरॉलॉजिस्टला दाखवायला उशीर करू नका. आणि बोलणं अचानक अडखळायला लागलं, तोंड एका बाजूला गेलं, तर उत्तरं वाचत बसायचं नाही, त्याच तासाला हॉस्पिटल गाठायचं. नुसता फोनवरचा नंबर निसटतो एवढ्यावरून मात्र मी कुणालाही डिमेन्शियाचं नाव घेऊन घाबरवणार नाही.

आता मूळ मुद्दा. मी स्पीच थेरपिस्ट आणि ऑडिओलॉजिस्ट आहे, म्हणजे बोलणं सुधारणारी आणि ऐकणं तपासणारी. वीसेक वर्षं लहान मुलं आणि पक्षाघातानंतर बोलणं गेलेली मोठी माणसं, या दोघांबरोबर काम करते. त्यात माझं रोजचं हत्यार अगदी साधं आहे. "मी आकडे म्हणते, माझे संपले की तुम्ही तसेच म्हणा." सेकंदाला एक आकडा, सपाट आवाजात, चाल न लावता, शेवटच्या आकड्याला आवाज जरासा खाली. तिनापासून सुरू करायचं, जमलं की एकेक वाढवायचा. याला डिजिट स्पॅन म्हणतात. लंडनमध्ये जोसेफ जेकब्स यांनी १८८७ साली ही पद्धत मांडली आणि ती अजून मेलेली नाही. आपल्याकडे मुलांची बुद्धिमापन चाचणी होते त्यातही ती असते. जॉर्ज मिलर यांनी १९५६ साली 'सात, फार तर दोन इकडे किंवा तिकडे' असा माणसाच्या मर्यादेचा आकडा सांगितला, तो तुम्ही कुठेतरी वाचला असेलच. नेल्सन कोवन यांनी २००१ साली म्हटलं की मनातली उजळणी आणि गट पाडण्याच्या युक्त्या काढून घेतल्या तर खरी मर्यादा चाराच्या आसपास येते. माझा अनुभव कोवन यांच्या बाजूचा आहे.

पण किती जमले यापेक्षा कुठे चुकलं हे मी जास्त बघते. समजा मी म्हटलं: पाच, दोन, नऊ, चार, सात, एक, आठ. समोरचा म्हणतो: पाच, दोन, नऊ, सात, चार, एक, आठ. अशा चुका मी हजारदा तरी लिहून घेतल्या असतील. नीट बघा, हरवलं काहीच नाही. सगळे आकडे हजर आहेत, फक्त चार आणि सात यांनी जागा बदलली. तुमच्या मधल्या आकड्यांचंही बहुधा हेच होतंय. तुम्ही स्वतःच 'उलटसुलट' हा शब्द वापरलाय, 'विसरतो' असं म्हटलेलं नाही.

टेपची कल्पना इथेच अडते. फितीवर चारानंतर सात नोंदवला असेल तर फीत कितीही खराब झाली तरी सात आधी आणि चार नंतर वाजणार नाही. खरखर होईल किंवा आवाज जाईल. दुसरी एक कल्पना साखळीची: प्रत्येक आकडा पुढच्याचा हात धरून उभा. पण मग एक कडी तुटली की पुढचं सगळं गडगडायला हवं. प्रत्यक्षात माणूस दोघांची अदलाबदल करतो आणि पुढे 'एक, आठ' बिनचूक म्हणतो.

मला पटतं ते स्पष्टीकरण असं. आकडे ऐकले की मेंदूत ते सगळे एकाच वेळी जागे असतात, पण सारख्या जोमानं नसतात. पहिला सगळ्यात जोरात, दुसरा थोडा कमी, तिसरा आणखी कमी. वाढदिवसाला खाऊ वाटताना पोरं दाराशी कशी गर्दी करतात? ज्याचा रेटा जास्त तो आधी आत घुसतो. इथेही तसंच: सगळ्यात जागा असलेला आकडा आधी तोंडात येतो, तो म्हणून झाला की त्याला लगेच गप्प केलं जातं, मग उरलेल्यांत जो जोरकस त्याची पाळी. यात 'शोधणं' असं काही घडतच नाही, नुसती चढाओढ असते. पहिल्या-दुसऱ्या आकड्याच्या जोमात स्पष्ट फरक असतो म्हणून सुरुवात बिनचूक होते. मधल्या चौथ्या-पाचव्याच्या जोमात केसाइतका फरक, तिथे जरा खुट्ट झालं की मागचा पुढे येतो. शेवटी उरतो एकच, त्याला स्पर्धाच नाही. हे निव्वळ कागदी गणित नाही. माकडांना भौमितिक आकृत्या काढायला लावून त्यांच्या मेंदूतल्या पेशींची नोंद घेणारा एक प्रयोग २००२ साली प्रसिद्ध झाला. पहिली रेघ ओढायच्या आधीच सगळ्या रेघांच्या खुणा एकदम दिसत होत्या, आणि जी आधी ओढायची तिची खूण सगळ्यात ठळक. ते हाताच्या हालचालीचं झालं, आकड्यांचं नव्हे, पण युक्ती तीच असावी.

'म्हटला की गप्प' याचा पुरावा तुम्हाला दुकानातच मिळेल. ज्या नंबरात एकच आकडा दोनदा, पण अंतर ठेवून येतो, उदाहरणार्थ पाच, तीन, आठ, एक, तीन, सहा, त्यातला दुसरा तीन लिहायचा राहून जातो. एकदा म्हणून झालेल्या तिनाला पुन्हा उठवायला मेंदू कुरकुरतो. हंगेरीच्या पाउल रान्शबुर्ग यांनी हे विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला टिपलं होतं, म्हणून त्याला त्यांचं नाव आहे. तोच तीन लागोपाठ दोनदा आला तर मात्र काही त्रास नाही, कारण आपण ते 'डबल तीन' असे एकच बोचकं करून उचलतो.

आता 'पाचवा कोणता?' याकडे. तुमच्या दुकानात रॅकला नंबर असतात, पाचव्या कप्प्यातला बॉक्स काढायला पहिले चार कप्पे उघडावे लागत नाहीत. ऐकलेल्या आकड्यांना असे कप्पेच नसतात. चढाओढ सुरू करून द्यायची आणि पाचव्यांदा कोण बाहेर येतो ते बघायचं, एवढंच हातात असतं. म्हणून पहिल्यापासून म्हणावं लागतं. तुम्हालाच नाही, सगळ्यांना.

गंमत अशी की 'त्यात सात होता का?' एवढंच विचारलं तर म्हणून बघायची गरज पडत नाही, उत्तर चटकन येतं. सॉल स्टर्नबर्ग यांनी १९६६ साली हे मोजलं. लोकांना कधी एकच, कधी दोन, असे जास्तीत जास्त सहापर्यंत अंक दाखवायचे, मग एक अंक दाखवून 'हा होता की नव्हता' एवढंच विचारायचं आणि उत्तराला लागलेला वेळ नोंदवायचा. यादीत एक अंक वाढला की वेळ साधारण ३८ मिलिसेकंदांनी वाढला. म्हणजे सेकंदाला पंचवीसहून जास्त अंकांची झडती. इतक्या वेगानं मनातल्या मनातही कुणी बोलू शकत नाही. आणखी विचित्र गोष्ट, उत्तर 'होता' असो की 'नव्हता', दर अंकामागे वेळ तेवढाच वाढत होता. जणू हवा तो सापडल्यावरही झडती शेवटपर्यंत चालूच. या निष्कर्षावर पुढे पुष्कळ भांडणं झाली, झडती एकेकाची होत नसून सगळ्यांची एकदम होत असावी असं म्हणणारेही आहेत. पण आपल्यापुरता फरक पक्का आहे: ओळखायला झपाट्याची झडती पुरते, क्रम सांगायला मात्र बोलण्याच्या वेगानं चालत जावं लागतं.

'बोलण्याच्या वेगानं' असं मी मुद्दाम म्हटलं. कानात आलेला आवाज आत दोनेक सेकंद टिकतो आणि विरायला लागतो. तो विरायच्या आत आपण मनातल्या मनात तो पुन्हा म्हणतो, की झाला ताजा. ॲलन बॅडली आणि ग्रॅहम हिच यांनी १९७४ साली मांडलेल्या कल्पनेचा हा गाभा. घरी करून बघा: बायकोला सहा आकडे सांगायला लावा आणि ती सांगत असताना तुम्ही हळू आवाजात सारखं 'राम राम राम' म्हणत राहा. ऐकू सगळं येईल, पण म्हणायला गेलात की तीन-चार हाताला लागतील. जीभ अडकवली की उजळणी बंद, एवढंच घडलं.

यातूनच निघालेली एक गोष्ट मला फार आवडते. वेल्श भाषेतले आकडे म्हणायला इंग्रजीपेक्षा जास्त वेळ लागतो. १९८० साली एलिस आणि हेनेली यांनी दाखवलं की दोन्ही भाषा येणाऱ्या वेल्श माणसांना वेल्शमध्ये कमी आकडे लक्षात राहतात. स्मृती तीच, माणूस तोच, फक्त शब्द लांब. मराठीत आपण या बाबतीत सुखी आहोत. सहा, नऊ आणि शून्य सोडले तर बाकीचा प्रत्येक आकडा एका झटक्यात म्हणून होतो.

पण मराठीची खोड दुसरीकडे आहे. चार, पाच, सात, आठ हे ओळीनं म्हणून बघा. चौघांच्याही पोटात तोच लांब 'आ'. ही स्मृती अर्थापेक्षा आवाजाच्या जोरावर चालते. कॉनरॅड यांनी १९६४ साली लोकांना अक्षरं वाचायला दिली होती, ऐकवली नव्हती, तरी त्यांच्या चुका दिसायला सारख्या अक्षरांत न होता ऐकायला सारख्या अक्षरांत झाल्या. माझ्याकडे येणाऱ्या मुलांना मी 'हात, भात, दात, रात, वात' म्हणायला लावते आणि मग 'हात, फूल, मीठ, चोर, वेळ'. दुसरी यादी सरळ येते, पहिलीत भात आणि दात एकमेकांच्या जागी जाऊन बसतात. तुमच्या नंबरात चार-सात-पाच-आठ मधोमध आले असतील, तर त्या दिवशी स्वतःला दोष देऊ नका.

त्यात फोनची भर. साध्या फोनच्या लाइनवरून सुमारे ३०० ते ३,४०० हर्ट्‌झ एवढाच आवाज जातो. 'स'ची सिसकारी बरीचशी त्याच्या वर असते. म्हणजे 'सात'मधला 'स' वाटेतच झिजतो, उरतं 'आत', आणि ते 'आठ'ला किती जवळ आहे बघा. चाळिशीनंतर बऱ्याच जणांचं वरच्या पट्टीतलं ऐकू येणं हळूहळू कमी होतं, तेही नेमकं इथेच मारतं. विमानवाले इंग्रजी नाइनला 'नाइनर' म्हणतात ते उगाच नाही, फाइव्ह आणि नाइनचा घोळ त्यांना परवडणारा नसतो.

इथवरचं एका दमात सांगायचं तर: आवाज आत दोन सेकंद घुमतो, जीभ तो गुपचूप म्हणून ताजा ठेवते, क्रम ठरतो तो जोमाच्या चढाओढीनं, आणि मधल्यांचा जोम सारखा म्हणून तिथे धक्काबुक्की होते.

शेवटचा आकडा पक्का राहण्याला आणखी एक कारण आहे आणि ते फक्त ऐकण्यात दिसतं, वाचण्यात फारसं नाही. शेवटच्या आवाजावर दुसरा आवाज पडलेला नसतो, त्याचा घुमारा तसाच कानात असतो. क्राउडर आणि मॉर्टन यांनी १९६९ साली याची मजा दाखवली. यादी संपल्यावर एक फालतू शब्द ऐकवायचा, जो लक्षात ठेवायचाच नाहीये हे आधी सांगूनही. तरी शेवटचा आकडा बिघडतो. शब्दाऐवजी भोंगा वाजवला तर बिघडत नाही. आता आपल्याकडे फोनवर नंबर कसा सांगतात ते आठवा. "…सहा, दोन, नऊ. हां? घेतला का?" त्या 'हां, घेतला का'नं तुमचा नऊ पुसला. गिऱ्हाइकाला शिकवणं अवघड, पण दुकानातल्या पोरांना तरी सांगा की नंबर सांगून झाला की दोन सेकंद गप्प बसायचं.

हे सगळं मेंदूत कुठे चालतं, हेही विचारलंय म्हणून थोडक्यात. १९९३ साली लंडनमध्ये झालेल्या पेट स्कॅनच्या (मेंदूचा कुठला भाग कामात आहे ते दाखवणाऱ्या चित्रणाच्या) अभ्यासात आवाज धरून ठेवण्याचं काम डाव्या कानाच्या वर-मागे, सुप्रामार्जिनल गायरस नावाच्या वळीत दिसलं, आणि मनातली उजळणी पुढे ब्रोकाच्या भागात, जिथून आपण मोठ्यानंही बोलतो. त्याच्या कितीतरी आधी, १९६९ साली, वॉरिंग्टन आणि शॅलिस यांनी के. एफ. या रुग्णाबद्दल लिहिलं. मोटारसायकलच्या अपघातात त्याच्या डोक्याच्या डाव्या बाजूला मागे इजा झाली होती. ऐकलेला एखाद-दुसरा आकडाच तो खात्रीनं परत म्हणू शके, पण नव्या गोष्टी शिकणं, लक्षात राहणं व्यवस्थित. म्हणजे मोलेसनच्या बरोबर उलटा नमुना.

असाच एक माणूस माझ्यासमोर बसलेला मला अजून दिसतो. निवृत्त कंडक्टर, पक्षाघाताला तीन महिने झालेले. गप्पा मारत होते, समजत सगळं होतं. मी म्हटलं, "मी म्हणते तसंच म्हणा: पाऊस येतोय, छत्री घेऊन जा." ते थांबले, ओठ हलले आणि म्हणाले, "हो… भिजाल ना. न्या छत्री." अर्थ पूर्ण पोचला होता, शब्द मात्र पोचता पोचताच विरले होते. आकडे दोनच्या पुढे जात नव्हते. पण कागदावर पाच आकडे लिहून दाखवले आणि कागद पालथा घातला, तर तेच पाच त्यांनी बोटानं टेबलावर बरोबर काढून दाखवले. "आवाज थांबत नाही हो," ते म्हणाले. इतकं नेमकं वर्णन मी कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही.

आता परिस्थितीवर काय काय अवलंबून असतं ते. सगळ्यात आधी कान. सुरुवातीच्या वर्षांतली माझीच एक चूक सांगते. तिसरीतला मुलगा, शाळेनं चिठ्ठी दिली होती: स्मरणशक्ती कमी, श्रुतलेखनात वाक्याची शेपटं गळतात. मी आकडे घेतले, तिनाच्या पुढे जाईना. मीही तसाच रिपोर्ट लिहायला घेतला. निघताना आई सहज बोलली, "घरी टीव्ही मात्र एवढा मोठा करतो की शेजारी ओरडतात." तेव्हा कुठे मी कान तपासले. दोन्ही पडद्यांमागे पाणी साठलेलं. कान-नाक-घसावाल्या डॉक्टरांकडे उपचार झाले, दोन महिन्यांनी परत आला तर पाच आकडे खणखणीत. तेव्हापासून कानाची तपासणी झाल्याशिवाय मी आकड्यांच्या चाचणीला हात लावत नाही.

यात आणखी एक मेख आहे. प्रत्येक आकडा बरोबर ऐकू आला तरी तो ऐकायला कष्ट पडले तर स्मृतीला फटका बसतो. रॅबिट यांनी १९६८ साली दाखवलं की यादीचा दुसरा भाग गोंगाटात ऐकवला तर आधी स्पष्ट ऐकलेले पहिले आकडेही कमी आठवतात. उजळणीला लागणारी ताकद ऐकण्यातच खर्च होते. दुकानात मागे पंखा, पुढे रस्ता, बाजूला दुसरा फोन असं असेल तर घरी जमणारे सात तिथे पाच झाले तर नवल नाही. झोप, टेन्शन, घाई यांचंही तसंच.

भाषा ही तिसरी गोष्ट, आणि मराठी माणसाच्या बाबतीत हिला मी फार मान देते. कुणी नंबर जोड्यांनी सांगतं: 'अठ्ठ्याण्णव, त्रेसष्ट'. यात आठ आधी ऐकू येतो आणि नव्वद नंतर, लिहायचा मात्र नऊ आधी. म्हणजे आठ हातात धरून ठेवायचा, नव्वदची वाट बघायची, नऊ लिहायचा, मग आठ. तेवढ्यात पुढचा 'त्रेसष्ट' येऊन आदळतो. त्यात 'एकोणसाठ' आला की साठ ऐकून सहा लिहायला पेन टेकतं आणि खोडावं लागतं. हा भार सवयीनं जाणवेनासा होतो, संपत नाही. २०१९ साली बालभारतीनं दुसरीच्या गणितात 'साठ तीन', 'वीस दोन' अशी वाचनपद्धत आणली तेव्हा राज्यभर चेष्टा झाली, विधानसभेपर्यंत प्रकरण गेलं. मला स्वतःला त्रेसष्ट हा शब्द गमवायचा नाही, माझ्या कानाला तो गोड लागतो. पण असे शब्द मुलांना जड जातात हे ती पद्धत आणणाऱ्या समितीचं म्हणणं हवेतलं नव्हतं, हे आकडे चुकणाऱ्या मुलांबरोबर रोज बसणारी मी तरी सांगेन.

मग करायचं काय? नंबर सुटा सुटा, एकाच भाषेत मागायचा. 'नाइन एट, बावीस, शून्य' अशी खिचडी आली की विनंती करून थांबवायचं. तीन-तीन-चार असे तुकडे पाडायचे आणि प्रत्येक तुकड्याला चाल द्यायची. तबल्याचे विद्यार्थी तीनतालाच्या सोळा मात्रा 'धा धिं धिं धा' अशा चार-चारांत पकडतात, सोळा सुटे बोल कुणी पाठ करत नाही. तुकड्याची सुरुवात आणि शेवट मिळाला की 'मधले' उरतातच कमी. एक सावधगिरी: गट पाडले की चुकांची तऱ्हा बदलते. मग शेजाऱ्यांची अदलाबदल कमी होते, पण पहिल्या तुकड्यातला मधला आकडा आणि दुसऱ्या तुकड्यातला मधला आकडा जागा बदलू शकतात. म्हणून एकेक तुकडा लगेच लिहायचा आणि लगेच परत वाचून दाखवायचा, सगळा नंबर संपेपर्यंत थांबायचं नाही. तुमच्या धंद्यात बॅच नंबर चुकणं म्हणजे गंमत नव्हे.

मोबाइलवरचे 'मेमरी वाढवा' खेळ खेळू का, असं तुम्ही पुढे विचाराल. १९८० साली अमेरिकेत एरिक्सन आणि चेस यांनी एका कॉलेजच्या मुलाला दोनशे तीसहून जास्त तास सराव दिला आणि तो सात आकड्यांवरून ७९ आकड्यांवर गेला. तो पळणारा होता, आकडे शर्यतींच्या वेळांत बदलून लक्षात ठेवायचा. मग त्याला आकड्यांऐवजी अक्षरं दिली. गाडी परत सहावर. त्या दोन सेकंदांच्या घुमाऱ्याची लांबी वाढलीच नव्हती, वाढली होती ती आकड्यांपुरती एक तरकीब. त्यापेक्षा दुकानाच्या फोनला बरा हेडसेट घ्या.

आणि त्याआधी एकदा ऑडिओग्राम, म्हणजे कुठल्या पट्टीचा आवाज किती ऐकू येतो त्याचा आलेख, करून घ्या, अर्ध्या तासाचं काम आहे. त्यात ४,००० हर्ट्‌झपाशी रेघ खाली गेलेली दिसली, तर तुमच्या सात-आठच्या घोळाचं निम्मं उत्तर तिथेच मिळेल.